कंपाचा खण

वकील शरच्चंद्र देशिंगकर माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि हातात लिहायची पाटी होती. सभ्यपणाचा आव आणण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते: ते भोक पाहून मला बरं वाटलं. कर्करोगाने त्यांचं स्वरयंत्र नेलं होतं. ज्या गळ्याने चाळीस वर्षं कोर्ट दणाणून सोडलं, त्यातून आता नुसती हवा येत होती.

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मला माझाच आवाज पाहिजे. दुसरा कुठलाही चालणार नाही.’

आमची कार्यशाळा मिरजेत आहे. मालकांचे आजोबा तंबोरे बनवायचे, मालक कंठयंत्रं बनवतात. गळ्यावर बसणारी बोटाएवढी पट्टी आणि तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा संगणक. स्वरयंत्र गेलं तरी माणूस सवयीने बोलायला जातो, मानेतल्या नसा सवयीने हुकूम सोडतात. पट्टी ते हुकूम टिपते आणि त्यांचा आवाज करते. पेशंटचं जुनं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल, तर आवाजही त्याचाच येतो. कायद्यानेही तो आता त्याचाच आवाज मानला जातो. त्या आवाजात घेतलेली शपथ चालते आणि दिलेली साक्षही चालते.

देशिंगकरांनी जुन्या रेकॉर्डिंगची चिप टेबलावर ठेवली. कोर्टातल्या अकरा उलटतपासण्या त्यांनी स्वतः निवडून आणल्या होत्या. पाटीवर यादीही लिहून दिली. सातवी होती, ‘नरसाळे क्लोरीन खटला, साक्षीदार ज्ञानदेव आंबी. ही जरूर ऐका. माझी सर्वोत्तम.’

ज्ञानदेव आंबी माझे वडील. माझं नाव सानिका तांबवेकर. नवरा टिकला नाही, त्याचं आडनाव टिकलं. त्यामुळे वकीलसाहेबांना काही कळायचं कारण नव्हतं. मी हसून मान हलवली आणि त्यांच्या मानेचं माप घेतलं.

बाबा नरसाळे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर ऑपरेटर होते. एका दुपारी तिथे क्लोरीनच्या सिलिंडरमधून वायू सुटला आणि टाकी रंगवणारे तीन मजूर गेले. ठेकेदाराने जुनी, वापरून झालेली झडप नवी म्हणून बसवली होती. ती बदला, असं बाबांनी चार वेळा लिहून दिलं होतं, आणि त्या दिवशी दोन वाजता त्यांनी ती स्वतःच्या हाताने बंद केली होती. खटला ठेकेदारावर होता, बाबा मुख्य साक्षीदार होते आणि देशिंगकर ठेकेदाराचे वकील. मी तेव्हा अकरावीत होते. आईच्या शेजारी मागच्या बाकावर बसून मी सगळं पाहिलं.

देशिंगकरांनी झडपेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. “दोन वाजता काय केलंत, पुन्हा सांगा,” एवढंच म्हणाले. बाबांनी सांगितलं. “पुन्हा सांगा.” बाबांनी पुन्हा सांगितलं. चार माणसांत कधी तोंड न उघडलेला माणूस. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज इतका कापायला लागला की शब्द फुटेनात. तेव्हा देशिंगकर न्यायाधीशांकडे वळून शांतपणे म्हणाले, “सत्य कापत नाही, युवर ऑनर.”

ठेकेदार सुटला आणि सगळं बाबांवर शेकलं, निष्काळजीपणाचा खटला त्यांच्यावरच चालला. तीन वर्षं आत राहून आले, ते बोलणं बंद करूनच. पाणी हवं असलं तरी माठाकडे बोट दाखवायचे. आठ वर्षं आमच्या घरात त्यांचा आवाज नव्हता, मग तेही राहिले नाहीत. इकडे ते एक वाक्य घेऊन देशिंगकर मोठे झाले. त्यांनी व्याख्यानं दिली, समित्यांवर बसले, आणि त्यांच्याच खटपटीने कोर्टाकोर्टांत कंपालेख आला. साक्षीच्या पिंजऱ्यावर एक पडदा असतो, त्यावर बोलणाऱ्याच्या आवाजाची रेघ उमटते. रेघ सरळ असली तर विश्वास बसतो, हलली तर संशय येतो. नुसत्या रेघेवर शिक्षा होत नाही, पण पूरक पुरावा म्हणून ती धरतात. आणि एकदा धरली की तिच्यापुढे बाकीचं फारसं कोणी पाहत नाही.

सातवं रेकॉर्डिंग साफ करायला मला तीन दिवस लागले. आवाज वेगळा काढणारा प्रोग्राम पेशंटचं बोलणं हिरवं दाखवतो आणि इतरांचं करडं. करड्यावर आलं की विचारतो, ‘बाजूचा गोंगाट. काढून टाकू?’ बाबांचा आवाज करडा होता. मला एकेचाळीस वेळा ‘हो’ दाबावं लागलं. पंधराव्या-सोळाव्या वेळेपर्यंत मी रडत होते, नंतर रडणं थांबलं. त्या माणसाचं आता काय करायचं ते मला सुचलं होतं.

आता थोडं यंत्राच्या आतलं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते समजणार नाही.

कंठयंत्रात दोन प्रोग्राम एकाच वेळी चालतात. एक गाभा. तो कडक शिस्तीच्या भाषेत लिहून एकदाच कंपाइल करतात, म्हणजे यंत्राच्या भाषेत कायमचा उतरवतात. नसेने हुकूम सोडल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात आवाज निघाला पाहिजे, नाहीतर बोलणारा अडखळतो. एवढा वेग फक्त गाभ्याला जमतो. सरकारी प्रयोगशाळा तो तपासून सील करते, मग त्यातलं एक अक्षरही कोणाला बदलता येत नाही. पण प्रत्येकाचा गळा वेगळा. आज सूज असते, उद्या सर्दी असते. म्हणून दुसरा प्रोग्राम लागतो, साध्या स्क्रिप्टिंग भाषेतला. आम्ही त्याला वही म्हणतो. वही ओळ वाचते आणि लगेच पाळते. ती संथ असते, पण माझ्यासारखीला फोनवरून कधीही बदलता येते.

अडचण अशी की दोघांना एकमेकांचे आकडे लागतात. वहीने दर वेळी निरोप धाडायचा, गाभ्याने त्याची नक्कल करून घ्यायची, यात वेळ जातो. म्हणून दोघांना मिळून बेचाळीस सामाईक खण दिलेत. दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीत एकच कोनाडा आणि त्यात एकच मिठाची बरणी असावी, तसं. या बाजूने कोणी मीठ टाकलं की त्या बाजूच्या भाजीत ते लगेच पडतं. वही खणात आकडा ठेवते, गाभा त्याच क्षणी तोच आकडा उचलतो. आकडा कोणी ठेवला आणि का ठेवला, हे गाभा कधीच विचारत नाही.

सत्ताविसावा खण कंपाचा. अगदी स्थिर आवाज मेलेला वाटतो, म्हणून प्रत्येकाच्या आवाजात आम्ही चिमूटभर कंप घालतो, दोन शतांश. पट्टी मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीवर बसत असल्यामुळे नाडीचे ठोकेही एका खणात येऊन पडत असतात. मी देशिंगकरांच्या वहीत चार ओळी लिहिल्या. नाडी नव्वदच्या वर गेली की कंपाच्या खणात जास्त आकडा ठेव, जसजशी चढेल तसतसा वाढव. उतरली की पुन्हा दोन शतांश. बस. खोटं बोलताना माणसाच्या छातीत धडधडतं आणि आवाज कापतो, हा सिद्धांत त्यांचाच. मी तो त्यांच्याच गळ्यात बांधत होते.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला गळा लावणं म्हणतात. तंबोरा गिऱ्हाइकाला देण्याआधी मालकांचे आजोबा त्यावर दिवसभर स्वतः गायचे. तसंच कंठयंत्र पेशंटला देण्याआधी ज्याने बनवलं त्याने एक दिवस स्वतःच्या गळ्याला लावायचं आणि घरातलं रोजचं बोलणं त्यातूनच बोलायचं. आपला आवाज सोडायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. भाजीवाल्याशी घासाघीस केली, फोनवर तक्रार केली, की दोष लगेच कळतात. मी रविवारी देशिंगकरांचा गळा लावला. कोणाचा आहे ते आईला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला आजही सांगता येत नाही.

“आई, चहा ठेव,” मी त्यांच्या आवाजात म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई हात न पुसताच बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याकडे.

“काढ ते.”

मी समजवायला गेले, पण त्याच आवाजात.

“काढ म्हनते न्हवं.”

मी पट्टी काढली आणि तिला सगळं सांगितलं, चार ओळींसकट. मला वाटलं होतं ती पाठ थोपटेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी त्यो कापंल?”

“कापेल. भर कोर्टात. खोटं बोलला की कापेल.”

“आन खरं बोलला तर?”

“तो कधी खरं बोललाय?” म्हणून मी हसले. आई हसली नाही. चहा तिने केला, पण स्वतः घेतला नाही.

देशिंगकरांना पट्टी बसवली त्या दिवशी ते आरशासमोर उभे राहून स्वतःचं नाव चार वेळा बोलले आणि लहान मुलासारखे रडले. माझा हात धरून म्हणाले की तुम्ही मला पुन्हा जन्माला घातलंत. मला कणव आली नाही. त्यांचा आवाज उत्तम जमला होता, याचा मात्र अभिमान वाटला. त्यांनी पत्रकारांना बोलावलं आणि कार्यशाळेच्या अंगणातच सांगितलं, आजारपणात मी एक दिवसही खचलो नाही. सगळं खोटं. ऑपरेशननंतर त्यांनी दोन महिने खोलीचं दार उघडलं नव्हतं, हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं. मी फोनवर त्यांची नाडी बघत होते. अडुसष्ट. दहा मिनिटं धादांत खोटं बोलले आणि ठोका चुकला नाही, की आवाज हलला नाही.

तिथेच माझी चूक माझ्या लक्षात आली. चाळीस वर्षं खोटं पचवलेल्या माणसाची नाडी खोट्याने कशाला चढेल? त्याच दिवशी चार ओळी खोडायला हव्या होत्या. नाही खोडल्या. कधीतरी, कशाने तरी चढेलच, म्हणून मी वाट बघत बसले.

परतल्यावरचा पहिला खटला त्यांनी गाजेल असाच निवडला होता. नसीमा मुजावर नावाची नर्स. एका खासगी दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळीची झडप बंद राहिली आणि एक म्हातारे गृहस्थ गुदमरून गेले. झडप मी उघडली होती, ती आपोआप मिटते, तक्रारही केली होती, असं नसीमाचं म्हणणं. दवाखाना म्हणत होता, ही खोटं बोलते. जबाबात तिची रेघ थरथरली होती. मला ती झडप, ती तक्रार, ते सगळं ऐकून कसंतरी झालं. बाबांच्या जागी उभ्या असलेल्या बाईचे वकील देशिंगकर! पण सूड घ्यायला बसलेलं माणूस असल्या गोष्टींकडे बघून न बघितल्यासारखं करतं, आणि मीही तेच केलं.

कोर्टात परतण्याच्या पहिल्या दिवशी यंत्रात काही बिघडलं तर, म्हणून देशिंगकरांनी मला कोर्टात हजर राहायला सांगितलं. मी पुढच्या बाकावर फोन हातात धरून बसले. साक्षीपुरावे त्यांच्या सहायकाने आधीच उरकले होते, आज अंतिम युक्तिवाद होता. कोर्ट भरलं होतं, आणि सगळं घरोघरी थेट दिसत होतं. वकिलांच्या आवाजाचीही रेघ पडद्यावर उमटते. ती कोणी पुरावा म्हणून धरत नाही, पण दिसते सगळ्यांना.

सुरुवातीला त्यांची रेघ सुतासारखी होती. दवाखान्याच्या कागदपत्रांबद्दल बोलले, डॉक्टरांची खिल्ली उडवली. मग ते नसीमाकडे वळले आणि म्हणाले, “या बाईने झडप उघडली होती.” फोनवर नाडी पंचाण्णव झाली. “तिने स्वतःच्या हाताने उघडली होती.” एकशे चार. आवाज कापायला लागला. वरची रेघ उड्या मारू लागली. ते थांबले, खाकरले, पुन्हा बोलले, आणि रेघ आणखी उसळली. मला कळलं की हा माणूस या बाईवर खरोखर विश्वास ठेवून आहे, आणि कधी नव्हे ते खरं बोलताना घाबरलाय. त्यांची घालमेल बघून मला आनंद झाला, हे लपवत नाही. मग माझी नजर नसीमाकडे गेली. तिचं लक्ष वकिलाकडे नव्हतं, रेघेकडे होतं.

सरकारी वकील रोहिणी सावर्डेकर उठल्या. तिशीतली हुशार बाई. म्हणाल्या की आरोपीची रेघ हलली, ती आपण पाहिली. आता तिच्या वकिलांचीही हलते आहे. सत्य कापत नाही, हे या राज्याला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच आवाजाबद्दल मी आणखी काय बोलू? कोर्टात हशा पिकला. देशिंगकर गरजले की कंप माझा नाही, यंत्राचा आहे, यंत्र बनवणारी बाई इथेच बसली आहे, तिला विचारा. न्यायाधीश म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर विचारू.

सुट्टीत मी कोर्टाच्या आवारात उपाहारगृहामागे जाऊन बसले. वही तपासली तर चार ओळी सापडणार, परवाना जाणार, मी आत जाणार. फोन काढला आणि चारही ओळी पुसून टाकल्या. वही स्वच्छ झाली. वर चहा प्यायले. तेरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईने करू नये ती चूक मी तिथे केली, आणि ती मला सुट्टी संपल्यावरच समजली.

आत गेल्यावर न्यायाधीशांनी देशिंगकरांना काहीतरी साधं बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. तोवर ते शांत झाले होते, नाडी फक्त बहात्तर होती. ते म्हणाले, “माझं नाव शरच्चंद्र बळवंत देशिंगकर.” आणि आवाज असा कापला की रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळली.

मी ओळी पुसल्या तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात सहायकावर चिडून येरझाऱ्या घालत असणार. नाडी चढलेली, खणात मोठा आकडा. ओळी गेल्या, पण आकडा खणातच राहिला. तो उतरवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि गाभा बिचारा जे आहे ते उचलत होता. खण आधी रिकामा करायचा, मग वही पुसायची, हे मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. आता ते स्वतःचं नाव घेतानाही कापणार होते.

मला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ दिली. न्यायाधीशांनी विचारलं, यंत्राच्या गाभ्यात काही दोष आहे का? मी म्हणाले, नाही, सील शाबूत आहे. वहीत आवाज कापवणारं काही लिहिलंय का, किंवा कधी लिहिलं होतं का?

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खरं सांगितलं असतं तर दोष यंत्राचा ठरला असता. देशिंगकर ताठ मानेने बाहेर पडले असते, मी तुरुंगात गेले असते, आणि कंपालेख होता तिथेच राहिला असता, नसीमाच्या थरथरत्या रेघेसकट. खोटं सांगितलं तर स्वतःचं नावही धड न सांगता येणारा माणूस म्हणून ते तिथे उभे राहणार होते. लोक मला नंतर म्हणाले की तू नसीमासाठी केलंस. मी तिचा विचार केला नाही. मला तो माणूस तिथे तसा उभा राहिलेला हवा होता, बाबा उभे होते तसा.

“नाही,” मी म्हणाले. “वहीत असं काही कधीच नव्हतं.”

“म्हणजे हा कंप त्यांचा स्वतःचा?”

“हो. त्यांचाच.”

मी वर पडद्याकडे पाहिलं. माझी रेघ सरळ होती. सकाळपासून त्या कोर्टात इतकी सरळ रेघ कोणाचीच आली नव्हती.

देशिंगकर माझ्याकडे टक लावून बघत होते. आपल्याशी खोटं बोलणारं माणूस ते वासावरून ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. ते उठले, दोन पावलं पुढे आले. बेचाळीस खण त्यांच्या गळ्यावर होते आणि त्यातला एक माझ्या ताब्यात होता. ही बाई खोटं का बोलते आहे, याचा ते मनाशी हिशेब जुळवत होते. मग थरथरत्या आवाजात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुमचं माहेरचं नाव काय?”

हरकत आली नाही. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं.

“आंबी,” मी म्हणाले. “ज्ञानदेव आंबींची मुलगी.”

माझा आवाज फुटला. एकोणीस वर्षांत मी ते नाव कोणासमोर मोठ्याने घेतलं नव्हतं. रेघ इतकी उसळली की मागच्या बाकावरची माणसं उभी राहून बघू लागली.

देशिंगकरांनी रेघ पाहिली, मला पाहिलं, पुन्हा रेघ पाहिली. मी खोटारडी आहे हे त्यांना पुरतं कळलं होतं. पण तसं म्हणायचं तर आलेख चुकला असं म्हणावं लागणार. आलेख बरोबर म्हणायचं तर ते स्वतः खोटारडे, त्यांची अशील खोटारडी, आणि मी ज्ञानदेव आंबींची मुलगीच नाही. ते टेबलाला धरून उभे राहिले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

“युवर ऑनर,” ते म्हणाले, “ही मुलगी आत्ता दोन गोष्टी बोलली. एक खोटी, एक खरी. रेघ कोणत्या वेळी हलली ते सगळ्यांनी पाहिलं. हा आलेख मी या कोर्टात आणला. तो चूक आहे.” आवाज पार विस्कटला होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “ज्ञानदेव आंबी खरं बोलत होते. मला ते त्या दिवशीही माहीत होतं.”

पुढचं थोडक्यात सांगते. न्यायाधीशांनी नसीमाची रेघ पुराव्यातून काढून टाकली आणि तीन आठवड्यांनी ती सुटली. कंपालेखावर राज्यभर पुनर्विचार सुरू आहे. माझा परवाना निलंबित आहे. चौकशीला देशिंगकरांचं यंत्र लागतं, आणि ते द्यायचं तर त्यांना महिनाभर मुकं राहावं लागेल. ते तयार नाहीत. दुरुस्तीलाही ते आले नाहीत, आमच्याकडेही नाही, दुसरीकडेही नाही. त्यांच्या गळ्याला आता कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही म्हणे. ते हल्ली कापत्या आवाजातच बोलतात, आणि बहुतेक वेळा बोलत नाहीत. ऐकल्यावर मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. ‘त्या दिवशीही माहीत होतं’ हे वाक्य आठवलं की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दिवशी मी उन्हं कलताना घरी पोचले. रस्ताभर मी रडत आणि हसत होते. बाबा सुटले होते. त्यांच्यावरचा डाग ज्याने लावला त्यानेच भर कोर्टात पुसला होता, आणि ते मी घडवलं होतं. आईने सगळं टीव्हीवर पाहिलं असणार. मला तिने जवळ घ्यायला हवं होतं. निदान डोक्यावरून हात फिरवायला हवा होता.

आई खुर्चीत बसली होती. डोळे सुजले होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“त्यांचं नाव घ्येतलंस तवा कापला तुजा आवाज,” ती म्हणाली.

“हो, आई.”

“त्याच्या आदी न्हाई कापला.”

तिला सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं.

“तुज्या बाबास्नी हे जमलं नसतं,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली.